थिओडोर बोव्हेरी : कर्करोगाच्या मुळाचा वेध घेणारा प्राणिशास्त्रज्ञ

नोकरीनिमित्त परप्रांतांतील वीजघरांत व कारखान्यांत आयुष्य घालविलेल्या आपल्या मंडळींना ब्राउन बोव्हेरी हे नाव अपरिचित नाही. गेल्या शतकात रोहित्रांवर व जनित्रांवर ते दिसत असे. हिंदुस्थान ब्राउन बोव्हेरी नावाची कंपनीही आपल्या देशात होती. १८९१ साली स्वित्झर्लंडमधील बाडेन येथे मूळ उद्योग उभारणाऱ्या दोघांपैकी एक वॉल्टर बोव्हेरी. त्यांचे थोरले बंधू थिओडोर हे मात्र यंत्रांच्या नव्हे, तर पेशींच्या अंतरंगात रमले. त्यांचा अल्प परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

थिओडोर यांचा जन्म १२ ऑक्टोबर १८६२ रोजी जर्मनीतील बांबेर्ग येथे झाला. म्युनिक येथे प्रथम इतिहास व तत्त्वज्ञान यांकडे वळलेला हा विद्यार्थी लवकरच शरीररचनाशास्त्राकडे आणि तेथून प्राणिशास्त्राकडे आला. घोड्याच्या आतड्यातील जंताची अंडी हा त्यांच्या आरंभीच्या संशोधनाचा विषय. त्या अंड्यांत गुणसूत्रे अगदी थोडी असल्याने सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचा माग घेता येतो. एका विभाजनापासून दुसऱ्या विभाजनापर्यंत गुणसूत्रे आपले स्वत्व टिकवितात, हे त्यांनी दाखविले. विभाजनाच्या वेळी पेशीची दोन टोके ठरविणाऱ्या बिंदुवत घटकास सेंट्रोसोम हे नाव त्यांनीच १८८८ साली दिले. १८९३ मध्ये ते वुर्झबुर्ग विद्यापीठात प्राध्यापक झाले व अखेरपर्यंत तेथेच राहिले.

१८९६ साली मार्सेला ओग्रेडी ही अमेरिकन प्राध्यापिका त्यांच्या प्रयोगशाळेत संशोधनासाठी आली. पुढच्याच वर्षी उभयतांचा विवाह झाला आणि नेपल्सच्या समुद्रकाठच्या संशोधनकेंद्रात दोघांनी एकत्र काम केले.

तेथील प्रयोगांचा प्राणी होता अंगभर काटे असलेला सागरी अर्चिन. त्याच्या अंड्यात एकाऐवजी दोन शुक्राणू शिरले, तर अंडे दोहोंऐवजी एकदम चार भागांत विभागते. मग गुणसूत्रांची वाटणी समसमान होत नाही. एखाद्या पेशीस एखादे गुणसूत्र अधिक मिळते, तर एखादीस मुळीच मिळत नाही. असे गर्भ बहुधा विकृत होऊन मरत. त्या चार पेशी सुट्या करून वाढविल्या, तर त्यांचे दोष निरनिराळे निघत. यावरून १९०२ साली बोव्हेरींनी निष्कर्ष काढला, की प्रत्येक गुणसूत्राचे कार्य वेगळे आहे व निरोगी वाढीसाठी त्यांचा पूर्ण संच आवश्यक आहे.

येथून त्यांचे लक्ष कर्करोगाकडे गेले. अर्बुदांतील विषम विभाजने हान्सेमान या विकृतिशास्त्रज्ञाने १८९० मध्येच नोंदविली होती. बोव्हेरींनी १९१४ च्या ग्रंथात त्यापुढचा विचार मांडला : मारक अर्बुद एकाच बिघडलेल्या पेशीपासून उद्भवते, आणि विभाजनाला चालना देणारी गुणसूत्रे वाढल्याने किंवा त्याला आवर घालणारी नाहीशी झाल्याने ती पेशी बेबंद वाढू लागते. अर्बुदांवर त्यांनी स्वतः फारसे काम केले नव्हते. शिवाय मानवी पेशीतील गुणसूत्रांची नेमकी संख्यादेखील तेव्हा ठाऊक नव्हती. साहजिकच अनेकांना हा केवळ तर्क वाटला.

तो सिद्ध करण्यास त्यांना आयुष्य पुरले नाही. प्रकृती फार दिवस साथ देत नव्हती. बर्लिनमधील नव्या जीवशास्त्र संस्थेचे संचालकपदही त्यांनी नाकारले होते. १५ ऑक्टोबर १९१५ रोजी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, महायुद्ध चालू असताना त्यांचे निधन झाले. पुढे मायदेशी परतलेल्या मार्सेलाबाईंनी पतीच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर केले व ते १९२९ साली प्रसिद्ध झाले.

पुरावा यावयास आणखी तीन दशके लागली. १९६० साली रक्ताच्या एका कर्करोगात नेहमी आढळणारे आखूड गुणसूत्र सापडले. नवव्या व बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची ती अदलाबदल असल्याचे १९७३ मध्ये कळले, आणि त्यातून निपजणाऱ्या सदोष प्रथिनास रोखणारे औषध २००१ साली अमेरिकेत मान्य झाले. विभाजनाला चालना देणारी व आवर घालणारी जनुकेही दरम्यान हाती लागली. बोव्हेरींचे सारेच खरे ठरले असे नाही. कित्येकदा अख्ख्या गुणसूत्राऐवजी एका जनुकातील बदलही कर्करोगास वाट करून देतो. तथापि शोधाची दिशा त्यांनीच दाखविली होती.

आपल्यापैकी कित्येक घरांत हा आजार येऊन गेला आहे. आज रुग्णाच्या रक्ताची वा अर्बुदाची गुणसूत्रे तपासून उपचार ठरतात, तेव्हा त्या तपासणीमागे काटेरी प्राण्याची अंडी न्याहाळीत बसलेल्या या दांपत्याचे श्रम आहेत, एवढे स्मरण ठेवावे अशी आमची वाचकांस विनंती आहे.