खरंच, ‘तो मी नव्हेच’!

कॉलेजच्या मासिकात चरित्र लिहायचं म्हटलं की विश्वेश्वरय्या, एडिसन, नाहीतर कलाम सर! मी आज ज्या माणसाबद्दल लिहितोय त्याने ना धरण बांधलं, ना कसला शोध लावला. त्याच्या नावावर जमा आहेत दोन अटका, दोन चुकीचे निकाल आणि तुरुंगातली पाच वर्षं. तरीही इंग्लंडच्या कायद्याच्या इतिहासातून त्याचं नाव पुसता येत नाही. त्याचं नाव अडॉल्फ बेक.

आचार्य अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’ नाटकातला लखोबा लोखंडे कोर्टात साफ कानावर हात ठेवतो, आणि तो खोटं बोलतोय हे प्रेक्षकांना ठाऊक असतं. बेकही कोर्टात तेच सांगत होता. फरक एवढाच, की तो खरं बोलत होता.

बेकचा जन्म 1841 चा, नॉर्वेमधला. शिक्षण रसायनशास्त्राचं, पण गड्याच्या पायाला भिंगरी! आधी समुद्रावर गेला, मग इंग्लंडमध्ये कारकुनी केली. 1868 मध्ये दक्षिण अमेरिका गाठून तिथे गाणं गायला, जहाजांची दलाली केली, घरांची खरेदी-विक्री केली. बऱ्यापैकी पैसा गाठीला बांधून 1885 मध्ये तो इंग्लंडला परतला आणि नॉर्वेतल्या एका तांब्याच्या खाणीत सगळा ओतून बसला. खाणीतून काही निघालं नाही. केस पिकले, उधारी वाढली. पण मिशा आणि कोट मात्र ऐटीत.

16 डिसेंबर 1895. लंडनच्या व्हिक्टोरिया स्ट्रीटवर एका बाईने त्याला अडवलं. ओटिली मेसोनिए तिचं नाव. काही आठवड्यांपूर्वी स्वतःला लॉर्ड म्हणवणाऱ्या एका सभ्य गृहस्थाने तिची घड्याळं आणि अंगठ्या लांबवल्या होत्या, आणि तो हाच असं तिचं म्हणणं. गंमत बघा, पोलिसाकडे आधी धावत गेला तो बेकच, ही बाई मला त्रास देते म्हणून. पण आत गेला तोही बेकच.

मग झाली ओळख परेड. पोलिसांनी रस्त्यावरून दहा-पंधरा माणसं गोळा केली आणि बेकला त्यांच्यात उभं केलं. पण त्या रांगेत पिकलेले केस आणि मिशा असलेला माणूस एकच होता, आणि तो म्हणजे बेक! मेसोनिएबाईंनी आणि त्यांच्या मोलकरणीने त्याला झटकन ओळखलं. असा पेपर सेट केला तर नापास कोण होणार?

त्याआधीच्या दोन वर्षांत अशाच पद्धतीने बावीस बायकांना फसवल्याच्या तक्रारी होत्या. त्यातल्या एकामागून एक बायका बेककडे बोट दाखवू लागल्या. त्यात 1877 चं एक जुनं प्रकरण निघालं. तेव्हा जॉन स्मिथ नावाच्या इसमाला अगदी अशाच फसवणुकीसाठी शिक्षा झाली होती. त्याला पकडणाऱ्या जुन्या पोलिसाने शपथेवर सांगून टाकलं की बेक हाच तो स्मिथ. हस्ताक्षर तज्ज्ञाचं मत पडलं की दोन्ही वेळची पत्रं एकाच हाताची. हे मत खरं तर बेकच्याच फायद्याचं होतं! कारण 1877 मध्ये तो दक्षिण अमेरिकेत होता. स्मिथ वेगळा ठरला की बेक आपोआप सुटत होता. पण सरकारी वकिलाने 1877 चं प्रकरण मुद्दाम बाजूला ठेवलं, आणि न्यायाधीश फुल्टन यांनी बचावाला तो मुद्दा मांडूच दिला नाही. आणखी एक योगायोग म्हणजे 1877 च्या खटल्यात सरकारी वकील होते हेच फुल्टन. 5 मार्च 1896 रोजी बेकला सात वर्षांची सक्तमजुरी झाली. तुरुंगात त्याला नंबरही स्मिथचाच दिला!

बेकच्या वकिलाने अर्जांवर अर्ज केले. 1898 मध्ये सरकारी कागदांत सापडलं की स्मिथ ज्यू होता आणि त्याची सुंता झालेली होती, बेकची नव्हती. म्हणजे दोघं वेगळे, हे सरकारलाही कळलं. मग सोडलं का? छे! रेकॉर्डमधली जुन्या गुन्हेगाराची खूण तेवढी काढली. बेक बाहेर आला तो 1901 मध्ये, चांगल्या वर्तणुकीबद्दल.

आणि 1904 मध्ये पुन्हा तेच! एका नोकरदार मुलीला पिकल्या केसांच्या गृहस्थाने फसवलं. बेक जिथे जेवायला जायचा तिथे पोलिसांनी तिला नेलं. तिने त्याला ओळखलं नाही. खरं तर विषय तिथेच संपायला हवा होता. पण पोलिसांनी तिला त्याच्या घराबाहेर उभं केलं, आणि तो बाहेर पडताच तिने तोच म्हणून सांगितलं. पाच बायकांनी ओळखलं, ज्यूरीने पुन्हा दोषी ठरवलं. नशीब एवढंच, की न्यायाधीशांना शंका आली आणि त्यांनी शिक्षा लांबणीवर टाकली.

बेक कोठडीत असतानाच, 7 जुलै 1904 रोजी एक माणूस बायकांच्या अंगठ्या गहाण ठेवताना पकडला गेला. इन्स्पेक्टर केन यांनी त्याला पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. हाच 1877 चा स्मिथ! खरं नाव विल्हेल्म मेयर. त्याने गुन्हा कबूल केला. बेकला राजाची माफी मिळाली (न केलेल्या गुन्ह्याची माफी!) आणि आधी दोन हजार, मग लोकांनी ओरड केल्यावर पाच हजार पौंड मिळाले. पैसे टिकले नाहीत, तब्येतही नाही. 7 डिसेंबर 1909 रोजी लंडनच्या एका इस्पितळात तो गेला.

हे सगळं वाचताना मला राहून राहून वाटलं, इतक्या बायका एकदम कशा चुकल्या? त्या खोटं बोलत नव्हत्या. उत्तर आपल्या फर्स्ट इयरच्या लॅबमध्ये आहे. व्हर्नियरला झीरो एरर असेल तर दहा काय, दोनशे रीडिंग घ्या, सरासरी चुकीचीच येणार. सगळ्या बायकांना फसवणारा मेयर एकच, आणि बेक थोडाफार त्याच्यासारखा दिसणारा. म्हणजे प्रत्येक साक्षीत चूक तीच! साक्षी वाढल्या तशी खात्री वाढली, अचूकता नाही.

आज ओळख परेडचे जे नियम सांगितले जातात ते अशाच चुकांतून आलेत. रांगेतली बाकी माणसं वर्णनाशी जुळणारी हवीत. संशयित कोण हे परेड घेणाऱ्यालाच माहीत नसावं, म्हणजे नकळत इशारा जात नाही. खरा गुन्हेगार रांगेत नसूही शकतो, हे साक्षीदाराला आधी सांगावं. आपल्याकडे परेड पोलिसांऐवजी दंडाधिकाऱ्यांसमोर होते, आणि तीही फक्त पूरक पुरावा मानली जाते.

बेकचं प्रकरण आणि जॉर्ज एडलजीचं प्रकरण (त्याचे वडील मूळचे मुंबईचे पारशी), या दोन्हींमुळे इंग्लंडमध्ये 1907 चा फौजदारी अपिलाचा कायदा झाला. त्याआधी ज्यूरीच्या चुकीवर दाद मागायला तिथे नीट कोर्टच नव्हतं! पुढे 1976 पासून तिथल्या न्यायाधीशांना ज्यूरीला बजावावं लागतं की ठाम साक्षीदारही चुकू शकतो.

होस्टेलमध्ये काही हरवलं की आपणही पाच मिनिटांत एक नाव पक्कं करतो, आणि मग चौघं तेच नाव घेतात. पुढच्या वेळी एवढंच विचारू या, की या चौघांनी स्वतः पाहिलं, की चौघांच्या हातात व्हर्नियर एकच आहे?