होमरचा हरवलेला ‘व’

रिचर्ड बेंटली हा गृहस्थ मोठा भांडखोर होता, हे आधीच सांगून टाकतो. १७०० साली तो केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचा प्रमुख झाला आणि सहकाऱ्यांशी त्याचे खटले वर्षानुवर्षे चालले. १७१८ मध्ये विद्यापीठाने चिडून त्याच्या पदव्याच काढून घेतल्या. सहा वर्षांनी त्या परत द्याव्या लागल्या. तरीही मला तो जवळचा वाटतो, एका अक्षरामुळे.

भाषेवरून काळ ओळखण्यात त्याचा हातखंडा होता. काशाच्या बैलात माणसे भाजणारा सिसिलीचा दंतकथेतला जुलमी राजा फॅलॅरिस, त्याच्या नावावरची पत्रे बनावट असल्याचे त्याने १६९९ साली दाखवले. डोरिक बोलीच्या मुलखातला राजा अथेन्सची ग्रीक कशाला लिहील?

मग तो होमरकडे वळला. ग्रीक कवितेत शब्दाच्या शेवटचा ऱ्हस्व स्वर पुढच्या स्वरात सहसा विरून जातो. पण ‘अनाक्स’ (राजा), ‘ओइकोस’ (घर) अशा काही शब्दांपुढे ‘इलियड’मध्ये तो पुष्कळदा तसाच राहतो. बेंटलीच्या ध्यानात आले की, या शब्दांच्या आरंभी पूर्वी ‘व’ होता. ‘डिगॅमा’ नावाचे ते अक्षर जुन्या शिलालेखांत होते, होमरच्या पोथ्यांत नव्हते. लेखनातून ते गेले, वृत्ताने मात्र त्याची जागा राखली. म्हणजे त्या ओळींचा साचा ‘व’ जिवंत असतानाचा!

आपल्याला यात नवल वाटू नये. गायत्री मंत्राच्या पहिल्या चरणात मोजून सातच अक्षरे भरतात. ‘वरेण्यम्’चे ‘वरेणियम्’ केले की आठ होतात. आणि ग्रीक ‘एइकोसि’ डोरिक बोलीत ‘विकाति’ होते. आपले ‘विंशति’, आपले वीस! बेंटलीला संस्कृतची ही साक्ष ठाऊक नव्हती.

कवी अलेक्झांडर पोपने डिगॅमावरून त्याची जाहीर टिंगल केली. थोडी त्याने ओढवूनही घेतली होती. १७३२ साली त्याने मिल्टनच्या महाकाव्यात शेकडो ‘दुरुस्त्या’ सुचवल्या, आंधळ्या कवीच्या लेखनात कुणी भलत्याने ढवळाढवळ केली असे गृहीत धरून! होमरमध्येही जिथे ‘व’ बसेना, तिथे तो ओळच बदलू पाही. मला वाटते, इथेच त्याचा हट्ट नडला. ‘व’ न मानणाऱ्या ओळी बऱ्याचदा नंतरच्या पिढ्यांच्या. कथेचे थर त्यांच्यावरूनच तर उलगडतात.

होमरची आवृत्ती अपुरी ठेवून १७४२ मध्ये तो वारला. १९५२ साली मायकेल व्हेंट्रिसने नॉसस आणि पायलॉस इथल्या, होमरहून कितीतरी शतके जुन्या मातीच्या पाट्यांची लिपी उलगडली. तिच्यात राजासाठी शब्द होता, ‘व-ना-का’. बेंटलीला जाऊन तेव्हा २१० वर्षे झाली होती.