भीमबेटकाचे शोधक : डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर

नीमच हे मध्य भारतातले जुने लष्करी छावणीचे गाव. तेथे ४ मे १९१९ रोजी एका मराठी कुटुंबात विष्णु श्रीधर वाकणकर यांचा जन्म झाला. सगळे त्यांना हरिभाऊ म्हणत. ते मूळचे चित्रकार. उज्जैनला स्थायिक होऊन त्यांनी भारती कला भवन ही संस्था उभारली आणि पुढे विक्रम विद्यापीठात पुरातत्त्वाचे काम केले.

१९५७ साली रेल्वेने भोपाळकडे जात असताना खिडकीतून त्यांना विंध्याच्या रांगेतले विचित्र आकाराचे खडक दिसले. त्या गाडीतून कितीतरी लोक रोज जात. खडक सर्वांनाच दिसत. हरिभाऊ मात्र वाट शोधत जंगलातून वर चढले. तेथे त्यांना नैसर्गिक शैलाश्रय आणि त्यांच्या भिंतींवर गेरूने व पांढऱ्या रंगाने काढलेली चित्रे सापडली. हेच भीमबेटका. या परिसरात आज ७०० हून अधिक शैलाश्रय मोजले गेले आहेत.

चित्रकाराची नजर येथे कामी आली. एकाच भिंतीवर चित्रांवर चित्रे काढलेली होती. खालचे चित्र आधीचे, वरचे नंतरचे, हा साधा नियम धरून त्यांनी रंग, शैली आणि विषय यांची क्रमवारी लावली. जुन्या चित्रांत रानगवे, हरणे आणि त्यांच्यामागे धावणारे शिकारी आहेत. सर्वांत वरच्या थरांत घोडेस्वार आणि तलवारी दिसतात. एका खडकावर हजारो वर्षांचा प्रवास उमटला आहे.

पण माणूस गुहा सोडून गावात कसा आला, हे नुसत्या भिंतींवरून कळत नाही. त्यासाठी पांढरीची टेकाडे खणावी लागतात. १९६० च्या दशकात वाकणकरांनी उज्जैनजवळ छोट्या काली सिंध नदीकाठी कायथा येथे उत्खनन केले. तेथे सुमारे ४,००० वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती निघाली. रंगवलेली मातीची भांडी, तांब्याच्या कुऱ्हाडी व बांगड्या आणि हजारो सूक्ष्म मणी मिळाले. याच लोकांकडे दगडाची बारीक पातीही होती. म्हणजे तांबे आले म्हणून दगड लगेच सुटला नाही.

भीमबेटकाच्या ताम्रपाषाणकालीन चित्रांवरूनही हेच दिसते. डोंगरातले शिकारी आणि माळव्याच्या सपाटीवरचे शेतकरी एकाच काळात नांदत होते, वस्तूंची देवाणघेवाण करत होते. संस्कृतीकडची वाटचाल ही एका दिवसात मारलेली उडी नव्हती. पेरले की पीक येईपर्यंत थांबावे लागते, धान्य साठवावे लागते, साठवले की राखावेही लागते. यातूनच गाव, कामाची वाटणी आणि जबाबदारी वाढत गेली.

१९७० च्या दशकात भीमबेटका येथे वाकणकरांनी, तसेच पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वि. ना. मिश्र यांनी उत्खनन केले. खडकाखालच्या थरांत अश्मयुगीन दगडी हत्यारे सापडली आणि चित्रांपेक्षाही कितीतरी जुनी मानवी वस्ती उजेडात आली. १९७५ मध्ये वाकणकरांना पद्मश्री मिळाली. देशभर पायी फिरून त्यांनी शैलचित्रांच्या असंख्य नकला हाताने उतरवल्या. हे काम फार मोलाचे आहे, कारण उघड्यावरचे रंग ऊन-पावसाने आणि माणसांच्या निष्काळजीपणाने पुसट होतात आणि एकदा गेले की परत येत नाहीत.

१९८८ मध्ये सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले. २००३ मध्ये भीमबेटकाला जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. तो दिवस पाहायला ते नव्हते.

कॅडेट मित्रांनो, टेहळणीच्या धड्यात आपण पाहणे आणि निरीक्षण करणे यांतला फरक शिकतो. सुट्टीत भोपाळ–इटारसी मार्गाने घरी जाणारे आपल्यात अनेक आहेत. औबेदुल्लागंज आले की खिडकीबाहेर जरूर बघा. आणि कधी त्या खडकांपर्यंत गेलात, तर चित्रांना हात लावू नका. फक्त नीट बघा.