निवड आणि नाइलाज

दहावीचा निकाल लागला की बीड जिल्ह्यातील घराघरांत एकच प्रश्न उभा राहतो : आता पुढे काय? विद्यार्थ्याचा कल आणि कुवत पाहून या प्रश्नाचे उत्तर मिळावे, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात ते मिळते गावाजवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात कोणती शाखा आहे, यावरून. अशा वेळी याच जिल्ह्यात अध्यापन केलेल्या एका शिक्षकाचे स्मरण होते. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे सेनानी म्हणून स्वामी रामानंद तीर्थांना आपण दरवर्षी 17 सप्टेंबरला वंदन करतो. त्यांच्यातील शिक्षक मात्र सहसा आपल्या लक्षात येत नाही.

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. जन्म 3 ऑक्टोबर 1903, विजापूर जिल्ह्यातील सिंदगीचा. सोलापुरात शिकत असतानाच असहकाराची हाक आली आणि या विद्यार्थ्याने सरकारमान्य शाळा सोडली. पुढचे शिक्षण अमळनेरच्या राष्ट्रीय शाळेत व नंतर पुण्याच्या टिळक विद्यापीठात झाले. सरकारी नोकरीच्या बाजारात राष्ट्रीय विद्यापीठाच्या पदवीला मोल नव्हते, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी ते डोळसपणे पत्करले.

शिक्षणानंतर काही काळ त्यांनी कामगार नेते ना. म. जोशी यांच्यासमवेत काम केले. प्रकृती ढासळल्यावर ते निजामाच्या राज्यातील हिप्परगा या खेड्यात आले. तेथील राष्ट्रीय शाळेचे मुख्याध्यापक असतानाच त्यांनी संन्यास घेतला. पण शाळेचा वर्ग सोडला नाही. 1935 साली बाबासाहेब परांजपे यांच्यासह ते अंबाजोगाईला, म्हणजे त्या काळच्या मोमिनाबादला आले आणि योगेश्वरी विद्यालयाच्या उभारणीत गढून गेले.

त्या काळी मराठी मुलापुढचा मार्ग किती अरुंद होता, हे आज सांगूनही खरे वाटणार नाही. खासगी शाळा काढावयाची तर सरकारची परवानगी लागे. उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. मराठवाड्यात औरंगाबादला इंटरमीजिएटपर्यंतची सोय होती. पदवीसाठी हैदराबादची वाट धरावी लागे. मातृभाषेत शाळा शिकलेल्या मुलाने महाविद्यालयाच्या पहिल्याच तासाला परक्या माध्यमाला तोंड द्यावयाचे, अशी ही रचना होती. शाळा आणि महाविद्यालय यांच्यामध्ये नदी होती आणि पूल नव्हता.

1938 मध्ये स्वामीजींनी अध्यापन सोडून राजकारणात उडी घेतली. स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात त्यांना कारावास घडला. त्याच वर्षाच्या अखेरीस वंदे मातरम् म्हटल्याबद्दल उस्मानियातील विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले, तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांतील अनेकांना प्रवेश दिला. एका विद्यापीठाने दार लावले की दुसऱ्याने ते उघडावे लागते, हा धडा मराठवाड्याच्या त्या पिढीने स्वानुभवाने घेतला.

1948 साली संस्थान मुक्त झाले. स्वामीजी 1952 आणि 1957 मध्ये लोकसभेवर निवडून गेले; पण शिक्षणाचे काम त्यांनी दुय्यम मानले नाही. 1950 मध्ये त्यांच्या पुढाकाराने नांदेडला पीपल्स कॉलेज उभे राहिले. त्याच वर्षी औरंगाबादला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे महाविद्यालयही सुरू झाले. 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. 22 जानेवारी 1972 रोजी स्वामीजींचे निधन झाले, तेव्हा नदीवर पूल बांधला गेला होता.

मग आजचा प्रश्न कोणता? पूल आहे, पण पुलापर्यंतचा रस्ता प्रत्येक गावातून निघत नाही. स्वामीजींच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय अंबाजोगाईत आहे. त्याच तालुक्यातील ज्या मुलीला अकरावीला विज्ञान शाखाच मिळाली नाही, तिच्या दृष्टीने ते कितीही जवळ असले तरी दूरच. मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा पास मोफत आहे, ही मोठीच सोय. परंतु प्रात्यक्षिकाच्या तासानंतर परतीची गाडी नसेल तर त्या पासाचा उपयोग काय? ऊसतोडीसाठी दिवाळीनंतर आईवडील कारखान्याकडे जातात. परीक्षेचे महिने नेमके त्याच हंगामात येतात. घर सांभाळणाऱ्या थोरल्या मुलीचा अभ्यासक्रम तिच्याआधी परिस्थितीच ठरवून टाकते.

अर्थशास्त्राच्या वर्गात हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. दहावीनंतर गणित सुटलेला विद्यार्थी आलेखासमोर बावरतो. तो मंद नसतो. जो विषय पुढे लागणार होता तो त्याला शिकावयास मिळालाच नाही, एवढेच त्याचे न्यून. आम्ही मात्र त्याच्या गुणपत्रिकेवर त्याचीच कुवत वाचतो.

2025 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. यादी पारदर्शक झाली, हे स्वागतार्हच. पण यादीत जे नाही ते संगणकही देऊ शकत नाही. प्रत्येक खेड्यात प्रत्येक शाखा निघणार नाही, हेही खरे. परंतु शेजारच्या तीन-चार कनिष्ठ महाविद्यालयांना मिळून एक सुसज्ज प्रयोगशाळा व एक गणिताचा शिक्षक ठेवता येईल. तालुक्यात कोठे कोणते विषय आहेत आणि कोणता विषय सोडल्याने पुढचे कोणते दार बंद होते, हे दहावीच्या वर्गात परीक्षेपूर्वीच सांगता येईल. त्यासाठी आम्ही प्राध्यापकांनी वर्षातून चार दिवस शाळेची पायरी चढावयास हरकत नसावी. तालुक्याच्या ठिकाणी हंगामापुरते तरी मुलींचे वसतिगृह हवे.

व्यंकटेश खेडगीकर या विद्यार्थ्याने रूढ वाट सोडली ती स्वतःच्या निर्णयाने; म्हणून आपण तिला त्याग म्हणतो. आपल्या जिल्ह्यातील मुले वाट सोडतात ती पुढे वाटच नसते म्हणून. त्याला त्याग म्हणता येत नाही. तो नाइलाज असतो. स्वामीजींच्या पुतळ्याला हार घालताना या दोहोंतील अंतर ध्यानी ठेवले आणि ते थोडे जरी कमी केले, तरी अंबाजोगाईच्या त्या शिक्षकाचे ऋण अंशतः फिटेल.