खंजिरीचा एल्गार

गाणे आणि राजकारण यांच्या नात्याची चर्चा निघाली, की शहरी रसिकांच्या डोळ्यांसमोर हमखास उभे राहतात ते अमेरिकेतील गिटारवाले गायक. वुडी गथ्री, पीट सीगर, जोन बाएझ, बॉब डिलन ही नावे, व्हिएतनाम युद्धाच्या विरोधातील साठच्या दशकातील गाणी, १९६९ चा वुडस्टॉकचा मेळा आणि २०१६ मध्ये डिलन यांना मिळालेले साहित्याचे नोबेल पारितोषिक, हे सारे आपल्याला ठाऊक असते. मात्र गाण्यांतून लोकांना चेतवल्याच्या ठपक्यावरून वऱ्हाडातील एका गायकाला इंग्रज सरकारने तुरुंगात टाकले, तेव्हा डिलन जेमतेम सव्वा वर्षाचे होते, याची आठवण क्वचितच कोणाला होते. त्या गायकाच्या हाती गिटार नव्हती. तळहातावर मावेल अशी, चामडे मढवलेली, कडेला झांजा बसवलेली खंजिरी होती. ते गायक म्हणजे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज.

संत म्हणून महाराजांची पूजा घरोघर होते. राज्यकर्त्यांना अस्वस्थ करणारा गायक म्हणून त्यांच्याकडे पाहण्याची सवय मात्र आपल्याला राहिलेली नाही.

यावलीचा माणिक

अमरावती जिल्ह्यातील यावली या गावी ३० एप्रिल १९०९ रोजी त्यांचा जन्म झाला. नाव माणिक. वडील बंडोजी शिवणकाम करून घर चालवीत, आई मंजुळाबाई. घरात दारिद्र्य पाचवीला पुजलेले. शाळा प्राथमिक इयत्तांच्या पुढे गेली नाही. मुलाचे मन पाटीपेक्षा भजनात रमे. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्याचे गुरू. भजने म्हणून मिळालेल्या भाकरीच्या तुकड्यांवर गुजराण करणाऱ्या या पोराला त्यांनी 'तुकड्या' हे नाव दिले, अशी आठवण सांगितली जाते. पुढे तेच नाव भजनाच्या शेवटच्या चरणात कवीची मुद्रा म्हणून आले आणि घरोघर पोहोचले.

आडकोजी महाराजांच्या निधनानंतर या मुलाने रामटेक, सालबर्डी, रामदिघी, गोंदोडा येथील रानावनांत भटकंती केली. विशीत पोहोचेपर्यंत मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांत रचना करणारा, स्वतः चाल लावणारा आणि स्वतः गाणारा भजनकार म्हणून त्यांचा लौकिक झाला होता. संस्कृतप्रचुर शब्दांचा सोस त्यांना नव्हता. बाजाराच्या दिवशी माणसे जी बोलतात, तीच साधी भाषा ते भजनात आणीत. सरकीच्या गंजीवर काम करणाऱ्या मजुराला जे एकदा ऐकून पाठ होईल, ते गाणे त्यांच्या लेखी खरे.

भजन की भाषण?

त्या काळी वऱ्हाडची हवा तापलेली होती. या प्रांताला समुद्र नाही. मग १९३० मध्ये मिठाचा कायदा मोडायचा कसा? अकोला जिल्ह्यातील दहीहंडा येथे खारपाणपट्ट्यातील विहिरींचे खारे पाणी वापरून मीठ तयार करण्यात आले आणि वऱ्हाडाने आपला सत्याग्रह साजरा केला. त्याच वर्षी जुलै महिन्यात लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद येथे जंगल सत्याग्रह केला. खेड्यापाड्यांतील माणूस प्रथमच सरकारी कायद्याकडे डोळे वर करून पाहू लागला होता.

अशा काळात सभेला बंदी घालणे सरकारला सोपे होते. वर्तमानपत्राकडून जामीन मागता येई, पुढाऱ्याला गावबंदी करता येई. भजनाचे काय करणार? देवळापुढच्या पटांगणात कंदील लावून माणसे बसलेली, एकजण खंजिरी वाजवतो आहे, बाकीचे पालुपद उचलून धरत आहेत. आरंभी गुरूचे नमन, मध्ये दारू, अस्पृश्यता आणि कर्जबाजारीपणा यांवर कोरडे, आणि रात्र चढत गेली की गुलामीचा विषय. यात ईश्वरभक्ती कोठे संपते आणि देशभक्ती कोठे सुरू होते, हे मागे उभ्या असलेल्या पोलीस पाटलाला ठरवता येत नसे. महाराजांच्या गाण्याचे बळ याच जागी होते. सामूहिक गाणे माणसाच्या मनातील भीती घालवते. एकट्याने जे बोलण्याची छाती होत नाही, ते पाचशे जणांच्या आवाजात सहज बोलले जाते.

१९३५ मध्ये सालबर्डी येथे त्यांनी मोठा यज्ञ केला, त्याला प्रचंड जनसमुदाय लोटला. त्याच वर्षी अमरावती-नागपूर रस्त्यावर मोझरीला गुरुकुंज आश्रमाची उभारणी झाली. १९३६ मध्ये महात्मा गांधींनी त्यांना वर्ध्याजवळच्या सेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, बोलावून घेतले. तेथे ते सुमारे महिनाभर राहिले. मोक्षाच्या गोष्टी करणारा तरुण संन्यासी गावसफाई, सूत आणि स्वराज्य यांविषयी अधिक ठामपणे गाऊ लागला, त्यात या मुक्कामाचा वाटा मोठा आहे.

ऑगस्ट १९४२

'भारत छोडो'चा ठराव झाला आणि आठवडाभरातच, १६ ऑगस्ट १९४२ रोजी, चांदा जिल्ह्यातील चिमूर आणि वर्धा जिल्ह्यातील आष्टी येथे उठाव झाला. नागपंचमीचा तो दिवस. दोन्ही ठिकाणी महाराजांच्या भजनांचा प्रभाव होता आणि भजनी मंडळांचे जाळे होते. मिरवणुका निघाल्या, गोळीबार झाला, लोक मेले. संतापलेल्या जमावाने चिमुरात उपविभागीय अधिकारी आणि नायब तहसीलदार यांच्यासह सरकारी माणसांना ठार केले. आष्टीच्या पोलीस ठाण्यातही दोन्ही बाजूंचे रक्त सांडले. त्यानंतर चिमुरात फौज उतरली आणि तेथील स्त्रियांवर जे अत्याचार झाले, त्यांच्या चौकशीसाठी प्राध्यापक भन्साळी यांना ६३ दिवसांचे उपोषण करावे लागले.

याच महिन्याअखेरीस महाराजांना चांद्याला अटक झाली. आधी नागपूर आणि मग रायपूरच्या तुरुंगात त्यांना ठेवण्यात आले. डिसेंबरमध्ये त्यांची सुटका झाली.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो आणि महाराजांच्या गौरवग्रंथांतून तो बहुधा टाळला जातो. गांधीजींच्या सहवासात राहिलेल्या या गायकाचे एक भजन त्या दिवसांत गावोगाव गायले जात होते. निःशस्त्र माणसाच्या मदतीला रानातली झाडे आणि वाटेवरचे दगडही हत्यार होऊन येतील, असा त्याचा आशय. ती कवीची प्रतिमा होती की आज्ञा? गाणाऱ्याने ती प्रतिमा म्हणून रचली असेल. पण बंदुकीसमोर उभ्या राहिलेल्या तरुणाने तिचा अर्थ शब्दशः घेतला, तर त्याची जबाबदारी कोणाची? जगभरच्या निषेध गायकांना हा प्रश्न चुकलेला नाही. गाणे ओठांतून सुटले की ते गायकाचे राहत नाही. चिमूर-आष्टीच्या खटल्यांत अनेकांना फाशीच्या शिक्षा सुनावल्या गेल्या आणि त्या रद्द व्हाव्यात म्हणून नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांना जंग जंग पछाडावे लागले. गाण्याची किंमत अशी दुसऱ्यांनीही मोजलेली असते.

स्वराज्यानंतरचा विरोध

राजकीय गायकाची खरी परीक्षा त्याचा पक्ष जिंकल्यावर होते. सत्ता आपल्या माणसांची झाली की बरेच आवाज दरबारी होतात. महाराजांना मान कमी मिळाला नाही. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी त्यांची भजने राष्ट्रपती भवनात ऐकली आणि 'राष्ट्रसंत' हे बिरुद त्यांच्या नावामागे लागले. मात्र स्वराज्य आले म्हणून खंजिरी खाली ठेवण्याचे कारण त्यांना दिसले नाही. इंग्रज गेला तरी सावकार, दारूचा गुत्ता, हुंडा, भोंदूबाबा आणि गावातील तंटे जागच्या जागी होते. आता त्यांचा विरोध गावाच्या स्वतःच्या आळसाशी सुरू झाला.

१९५५ मध्ये त्यांची 'ग्रामगीता' प्रसिद्ध झाली. अमेरिकी काँग्रेसच्या समितीने पीट सीगर यांना त्यांच्या राजकीय मतांबद्दल जाब विचारला, ते हेच वर्ष. ग्रामगीतेत ४१ अध्याय आणि ४,६७५ ओव्या आहेत. ती ग्रामदेवतेला अर्पण केलेली आहे. ग्रामरक्षण, ग्रामआरोग्य, महिलोन्नती, गरिबी-श्रीमंती, श्रमसंपत्ती असे तिचे विषय आहेत. पोथीच्या रूपात लिहिलेला हा गावाच्या कारभाराचा जाहीरनामाच आहे. विकास सरकारी मोटारीतून येईल, या आशेवर बसलेल्या गावाला त्यात कठोर शब्दांत जागे केले आहे.

पक्षाच्या चौकटीत महाराज कधी मावले नाहीत. विनोबांच्या भूदानासाठी ते गावोगाव फिरले. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या भारत साधु समाजाचे ते पहिले अध्यक्ष होते. काँग्रेसचे गुलझारीलाल नंदा यांचा त्या संस्थेला पाठिंबा होता. १९६४ मध्ये विश्व हिंदू परिषदेच्या स्थापनेतही त्यांचा सहभाग होता. आणि त्यांच्या सामुदायिक प्रार्थनेत मात्र सर्व धर्मांना जागा होती. १९६२ आणि १९६५ च्या युद्धांच्या वेळी ते सीमेवर जाऊन जवानांसमोर गायले. त्याच सुमारास अमेरिकेतील गायक आपल्याच सरकारच्या युद्धाविरुद्ध गात होते. या फरकाकडे डोळेझाक करण्याचे कारण नाही. महाराजांचा झगडा राष्ट्राशी कधीच नव्हता, राष्ट्रातील अन्यायाशी होता. त्यामुळे आज प्रत्येक पक्षाला त्यांचा फोटो व्यासपीठावर लावता येतो. पण त्यांची भजने तेथे पूर्ण गायली, तर व्यासपीठावरील कितीजण शांतपणे ऐकून घेतील, याची शंका आहे.

आजची खंजिरी

११ ऑक्टोबर १९६८ रोजी दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी गुरुकुंजात महाराजांनी देह ठेवला. कर्करोगाने त्यांना ग्रासले होते. वय होते ५९. २००५ मध्ये नागपूर विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. जेमतेम प्राथमिक शाळा शिकलेल्या माणसाचे नाव आज हजारो पदवीधरांच्या प्रमाणपत्रांवर असते.

मात्र ज्या खेड्यांसाठी ते गायले, त्यांची कहाणी निराळी झाली. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ मध्ये केंद्र सरकारला विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर करावे लागले. त्या सहांत अमरावती होता, अकोलाही होता. कर्ज, व्यसन, लग्नातील उधळपट्टी आणि एकाकीपण, ही ग्रामगीतेतील दुखणी पन्नास वर्षांनंतरही तशीच उरली होती.

ही खंजिरी अगदीच मुकी झालेली नाही. अकोला जिल्ह्यातील अकोट तालुक्याचे सत्यपाल महाराज एकाच वेळी सात खंजिऱ्या वाजवून गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराजांचा विचार कीर्तनातून सांगत आले आहेत. अंधश्रद्धा आणि व्यसन यांवर ते हसवत हसवत प्रहार करतात. मे २०१७ मध्ये मुंबईत कीर्तन आटोपल्यावर त्यांच्यावर चाकूहल्ला झाला. त्यातून ते बचावले आणि पुन्हा गाऊ लागले. गाणाऱ्याला आजही जोखीम पत्करावी लागते, हे त्या घटनेने वऱ्हाडाला जाणवून दिले.

दरवर्षी पुण्यतिथी महोत्सवात गुरुकुंजात लाखो माणसे जमतात. घड्याळात ४ वाजून ५८ मिनिटे झाली की सारा जनसागर जागच्या जागी स्तब्ध होतो. आयुष्यभर लोकांना मोठ्या आवाजात गायला शिकवणाऱ्या माणसाला ही मौन श्रद्धांजली असते. ते काही क्षण सरले की प्रार्थना सुरू होते आणि भगव्या टोप्यांची गर्दी एसटीच्या गाड्यांनी आपापल्या गावी परतते. त्या गावांत सायंकाळच्या प्रार्थनेला आज किती माणसे बसतात आणि तेथे कोणते प्रश्न मोठ्याने विचारले जातात, यावर खंजिरीचे पुढचे आयुष्य ठरणार आहे.