रेव्हरंड नारायण वामन टिळक : नवा धर्म, तीच मायबोली



या अंकात आम्ही एका कवीचे चरित्र सांगणार आहोत. शिकाऱ्याच्या बाणाने घायाळ झालेल्या पक्षिणीची 'केवढे हे क्रौर्य' ही कविता आपल्यापैकी अनेक पालकांनी शाळेत पाठ केली असेल. तिचे कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक. फुलामुलांचे कवी म्हणून त्यांना सगळे ओळखतात. परंतु त्यांच्या नावामागे 'रेव्हरंड' कसे लागले आणि त्यासाठी त्यांना व त्यांच्या घराला काय सोसावे लागले, ही माहिती विद्यार्थ्यांना सहसा नसते.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते आणि स्वभावाने फार कडक होते. आई जानकीबाई मायाळू, भक्तिगीते गाणारी. ती लवकर गेली आणि नारायणाचे घरात मन रमेना. ते नाशिकला आले व तेथे त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका ही त्यांची पत्नी. लग्नानंतर ती लक्ष्मी झाली.

टिळक हुशार, पण एका जागी टिकणारे नव्हते. कधी शिक्षक, कधी कीर्तनकार, कधी संस्कृत ग्रंथांचे काम, असे गावोगाव फिरणे चाले. ही केवळ पोटासाठी भ्रमंती नव्हती. जातिभेद त्यांना सलत होता. देशाचे कल्याण कोणत्या मार्गाने होईल आणि आपल्या मनाला शांती कोठे मिळेल, हे दोन प्रश्न त्यांची पाठ सोडत नव्हते.

१८९३ साली ते नागपूरहून राजनांदगावला निघाले. राजनांदगाव आज छत्तीसगढमध्ये आहे. आगगाडीच्या डब्यात एक युरोपीय सहप्रवासी भेटला. काव्यावर, धर्मावर बोलणे झाले आणि उतरण्यापूर्वी त्याने टिळकांच्या हाती नव्या कराराची प्रत दिली.  टिळकांनी पुस्तक वाचण्याचे वचन दिले होते, म्हणून वाचायला घेतले. येशूच्या डोंगरावरील प्रवचनापर्यंत आले आणि तेथेच थांबले. शत्रूवरही प्रेम करावे, हा उपदेश त्यांच्या मनात खोल उतरला. वाचन, पत्रव्यवहार, विचार यांत जवळजवळ दोन वर्षे गेली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो परदेशी मिशनऱ्याच्या हातून न घेता भारतीय पाळकाच्या हातून घ्यायचा, असा त्यांचा आग्रह होता. पुढे त्यांनी जे केले त्याचे बीज या आग्रहात दिसते.

येथे चरित्रकाराने घाई करू नये असे आम्हाला वाटते. टिळकांना शांती मिळाली, पण त्याच दिवशी लक्ष्मीबाईंच्या संसारावर आकाश कोसळले. त्या काळी धर्मांतर म्हणजे जात, नातीगोती, पंगत सगळे तुटणे. पती जिवंत असून बाईला पोरके व्हावे लागले. लहानग्या दत्तूला घेऊन त्या काही वर्षे नातेवाईकांच्या आधाराने राहिल्या. लोकांची सहानुभूती आणि लोकांचे टोमणे, दोन्ही त्यांच्या वाट्याला आले. टिळकांचेही मन त्या वर्षांत घराकडे ओढ घेत होते.

शेवटी लक्ष्मीबाई अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) पतीकडे आल्या, परंतु आपला धर्म सोडून नव्हे. त्यांचे सोवळे, त्यांचा स्वयंपाक, त्यांचे पाणी वेगळे. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. लक्ष्मीबाई पाहत होत्या, स्वतःशी वाद घालत होत्या. जातपात माणसाने केलेली आहे, देवाने नव्हे, हे त्यांना एक दिवस स्वतःच उमगले आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. पतीने शिकवलेल्या अक्षरांवर पुढे याच बाईंनी 'स्मृतिचित्रे' लिहिली. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेले हे आत्मचरित्र मराठीचे भूषण आहे. पालकांनी ते घरी अवश्य ठेवावे.

आता टिळकांच्या कार्याकडे वळू. त्या वेळी मराठी ख्रिस्ती मंडळींत पाश्चात्त्य चालींवर भाषांतरित गीते गायली जात. माणूस ख्रिस्ती झाला म्हणजे त्याने साहेबी वळण घ्यावे, असा समज होता. टिळकांना हे मान्य नव्हते. ज्ञानेश्वर-तुकाराम त्यांनी सोडले नाहीत. आपण तुकोबांच्याच वाटेने येशूपर्यंत पोहोचलो, अशी त्यांची भावना होती. त्यांनी अभंग रचले, भजने रचली, टाळ-मृदंगाचे कीर्तन ख्रिस्ती मंडळींत आणले. त्यांची गीते मराठी चर्चमध्ये आजही गायली जातात. १९१२ पासून त्यांनी 'ज्ञानोदय' पत्राच्या मराठी विभागाचे संपादन केले. येशूचे चरित्र ओवीत सांगणारे 'ख्रिस्तायन' त्यांनी आरंभिले. ते अपुरे राहिले आणि लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.

त्यांच्या घराचे दार सर्वांना उघडे होते. बालकवी ठोंबरे त्यांच्या घरी मुलासारखे राहिले. बालकवींनी धर्म बदलला नाही आणि त्यामुळे त्या घरातील त्यांची जागाही कमी झाली नाही.

१९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात स्थान होते. हे काम फार काळ चालले नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या देहाचे दहन करण्यात आले.

विद्यार्थी मित्रांनो, हे चरित्र आम्ही निवडले त्याला कारण आहे. आपण महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्पिढ्या राहणारी माणसे. घरी मराठी, बाजारात हिंदी, परीक्षेत इंग्रजी. आपण नक्की कोण, हा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांना पडतो आणि पुढेही पडेल. टिळकांना तो फार मोठ्या रूपात पडला. त्यांनी नवी ओळख मनापासून स्वीकारली, पण जुनी भाषा, जुने संत, जुने ऋण नाकारले नाही. आपल्या विद्यालयात निरनिराळ्या धर्मांची मुले एका बाकावर बसतात. कोणाची श्रद्धा कोणती, हे ज्याचे त्याने ठरवावे. मात्र आपल्या निर्णयाची किंमत घरातील दुसऱ्यालाही मोजावी लागते, हे लक्ष्मीबाईंकडे पाहून शिकावे. आणि दुसऱ्याला विचार करण्यास वेळ द्यावा, हे त्या दोघांच्या संसारातून शिकावे.

पालकांना विनंती की या महिन्यात टिळकांची एखादी कविता मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावी. उच्चार चुकले तर रागावू नये, पुन्हा वाचायला सांगावे.