ऑटो फ्रँक : लेकीची वही जपणारा बाप

अॅन फ्रँकचे नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकले आहे. तिची वही जगापर्यंत पोहोचवणारे तिचे वडील ऑटो फ्रँक मात्र फारसे माहीत नसतात.

त्यांचा जन्म १२ मे १८८९ रोजी जर्मनीत फ्रँकफर्टच्या ज्यू कुटुंबात झाला. पहिल्या महायुद्धात ते जर्मन सैन्यात अधिकारी होते. तरीही १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि ते स्वतःच्याच देशात परके ठरले. पत्नी एडिथ आणि मुली मार्गोट व अॅन यांच्यासह ते हॉलंडमध्ये अ‍ॅमस्टरडॅमला गेले. तिथे जॅम घट्ट करणाऱ्या पेक्टिनचा व्यवसाय त्यांनी उभा केला.

१९४० मध्ये जर्मन फौजा तिथेही पोहोचल्या. ज्यूंना बागा, सिनेमागृहे, ट्राम बंद झाल्या. मुलांच्या शाळा वेगळ्या केल्या. कपड्यावर पिवळी चांदणी सक्तीची झाली. पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्यांच्या गळ्यात मडके होते, हे बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे. माणसाला आधी खूण लावायची, मग हक्क काढायचे, ही रीत आपल्याला नवी नाही.

५ जुलै १९४२ ला मार्गोटला जर्मनीत कामासाठी हजर होण्याची नोटीस आली. दुसऱ्याच दिवशी कुटुंब ऑफिसच्या मागच्या भागात लपले. पुढे तिथे एकूण आठ जण राहिले. दार पुस्तकांच्या कपाटाआड होते. मीप गीस, बेप व्हॉस्काउल, क्लायमन आणि कुगलर या सहकाऱ्यांनी जीव धोक्यात घालून दोन वर्षे त्यांना अन्न आणि पुस्तके पुरवली.

४ ऑगस्ट १९४४ ला धाड पडली. आठ जणांपैकी एकटे ऑटो वाचले. २७ जानेवारी १९४५ ला ऑशविट्झ मुक्त झाले, तेव्हा ते तिथेच होते. एडिथ त्याच महिन्यात तिथे मरण पावल्या होत्या. दोन्ही मुली बर्गन-बेल्सन छावणीत गेल्या.

धाडीनंतर विखुरलेले अॅनचे कागद मीप यांनी गोळा करून ठेवले होते. ते त्यांनी ऑटोंच्या हाती दिले. १९४७ मध्ये पुस्तक निघाले. डायरी बनावट आहे असे म्हणणारे पुढे आले, तेव्हा ऑटो कोर्टात गेले. तज्ज्ञांनी हस्ताक्षर तपासून डायरी खरी ठरवली. लपण्याची जागा पाडली जाणार होती, ती वाचली आणि १९६० मध्ये तिथे संग्रहालय झाले. १९ ऑगस्ट १९८० रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी ऑटो गेले.

मीप यांनी कागद उचलले नसते, तर हा पुरावाच उरला नसता. बाबासाहेबांचे अप्रकाशित लेखनही अनेक वर्षे पेट्यांत पडून होते. शासनाचे खंड निघू लागले ते १९७९ पासून.

रहाटणी, काळेवाडी, थेरगावात मराठवाडा-विदर्भातून आलेली आपली कितीतरी घरे आहेत. कुणाकडे धम्मदीक्षेचा फोटो असेल, कुणाकडे नामांतर लढ्याचे पत्रक. तरुणांनो, ते स्कॅन करा. आजी-आजोबांना विचारून मागे नाव, गाव, तारीख लिहा. उद्या कुणी म्हणेल असे काही घडलेच नव्हते, तेव्हा हेच कागद उत्तर देतील.

जय भीम!